लांडग्याचा वाटा

घराणे, नगर किंवा राज्य आपली ओळख म्हणून ढालीवर, ध्वजावर अथवा मुद्रेवर जे चित्र धारण करते त्याचा अभ्यास युरोपात हेरल्ड्री या नावाने वाढला. मराठीत ज्याला कुलचिन्हशास्त्र म्हणता येईल अशा या शास्त्रात सिंह आणि गरुड यांच्याबरोबर लांडग्यालाही मानाची जागा आहे. रोम शहराने रोम्युलस आणि रेमस या जुळ्या भावांना दूध पाजणारी लांडगीण आपले चिन्ह म्हणून आजपर्यंत जपली आहे. डॅन्यूब नदीकाठच्या पासाउ नगराच्या पांढऱ्या ढालीवर मागच्या दोन पायांवर उभा असलेला तांबडा लांडगा आहे. स्पेनमधील बिस्केच्या प्रांतचिन्हात तर हारो घराण्याकडून आलेले दोन काळे लांडगे तोंडात कोकरू धरून चाललेले दिसत, आणि १९८६ मध्ये ते चिन्हातून काढले जाईपर्यंत कित्येक शतके ते तिथे होते. हारो घराण्यात लोपे हे नाव वारंवार येते आणि त्याचे मूळ लांडग्याच्या लॅटिन नावात आहे, म्हणून हे चिन्ह नामसूचक, म्हणजे धारकाचे नाव चित्रातून उच्चारणारे, ठरते. मेंढपाळाच्या कळपातून कोकरू उचलणारा चोर सरदाराच्या ढालीवर मात्र पराक्रमाची खूण होतो, याचे कारण उघड आहे. ज्याची दहशत गावाला वाटते त्याचे रूप अंगावर घेतले की ती दहशत आपली होते, असा या चिन्हांमागचा जुना विश्वास आहे.

दख्खनमध्ये हा युरोपीय लांडगा आला तो तलवारीच्या पात्यावरून. पासाउचे लोहार आपल्या पात्यावर छिन्नीच्या मोजक्या घावांनी धावणारा लांडगा कोरीत आणि त्या रेषांत पितळ भरीत. पुढे जर्मनीतील झोलिंगनच्या कारागिरांनी हीच खूण उचलली, आणि ती असलेले पाते धारकाचे रक्षण करते असा समज पसरला. सोळाव्या-सतराव्या शतकांत पश्चिम किनाऱ्यावरील बंदरांतून युरोपीय पाती मोठ्या संख्येने आली, त्यांना इथल्या पद्धतीच्या मुठी बसवल्या गेल्या आणि अशा तलवारीला फिरंग किंवा फिरंगी असे नाव पडले. या फिरंगींपैकी काहींच्या पात्यांवर तो लांडगा अजून दिसतो. शिकलगाराने पिढ्यान्‌पिढ्या साणेवर धरून झिजवलेल्या त्या पोलादावर पाठीची एक रेघ, पायांच्या चार-पाच तिरप्या खुणा आणि पुढे आलेल्या मुस्कटाचा टोकदार कोन एवढेच उरलेले असते, आणि तो लांडगा आहे हे आधी सांगावे लागते. ज्या हातांनी ही पाती चालवली त्यांच्या दृष्टीने ती उत्तम पोलादाची खूण होती. चिन्ह आले तरी त्यामागची श्रद्धा बोटीतून उतरली नाही.

खानदेशात, म्हणजे आजच्या जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांच्या प्रदेशात, लांडग्याला असे चिन्हपद कधी मिळाले का, हे शोधू लागल्यास हाती येते ती त्याची अनुपस्थिती. या भूभागाला सेउणदेशात सामावून घेणाऱ्या यादवांच्या ध्वजावर सोन्याचा गरुड होता. चाळीसगावपासून दूर नसलेल्या पितळखोऱ्याच्या लेण्यांत जोत्यावर हत्तींची रांग उभी आहे. अजिंठ्याच्या चित्रकारांनी जातककथांतून छद्दंत हत्ती, हंस, महाकपी आणि हरणे निवडली, आणि नदीच्या पुरात खडकावर अडकून पडल्यावर उपवासाचे व्रत घेणारा व समोर बोकड दिसताच ते मोडणारा वकजातकातील लांडगा पाली ग्रंथातच राहिला. जानेवारी १६०१ मध्ये अकबराने असीरगड घेऊन खानदेशची फारुकी सत्ता संपवली आणि शाहजादा दानियालच्या नावावरून या प्रांताला काही काळ दानदेश म्हटले गेले, तेव्हा तर एक विलक्षण योग जुळून आला होता. मोगल ज्या चंगेजखानाच्या वंशाशी आपले नाते सांगत, त्याचा आदिपुरुष ‘मंगोलांचा गुप्त इतिहास’ या ग्रंथात करडा लांडगा म्हणूनच येतो. परंतु अबुल फजलने अकबराची वंशावळ रचताना भर दिला तो प्रकाशकिरणापासून गर्भ धारण करणाऱ्या अलानकुवा या पूर्वजेवर, आणि मोगलांच्या निशाणावर सिंह व सूर्य आले. लांडग्याच्या पोटी जन्मलेला वंश खानदेशात पोहोचेपर्यंत उजेडाचा वंश झाला होता.

याहून जवळचे उदाहरण होळकरांचे आहे. मल्हारराव होळकरांचे बालपण तळोद्याला, मामा भोजराज बारगळ यांच्या आश्रयाने गेले. तळोदे १९९८ पर्यंत धुळे जिल्ह्यात होते आणि आता नंदुरबार जिल्ह्यात आहे. मेंढरांमागे हिंडणाऱ्या समाजातून उठून हे घराणे इंदूरच्या गादीवर बसले. लांडग्याला रोज ओळखणारे एखादे राजकुल महाराष्ट्राने दिले असेल तर ते हेच, आणि तरीही इंदूरच्या नाण्यांवर मार्तंडाचे स्मरण देणारे सूर्यमुख आहे, बसलेला नंदी आहे, लांडगा नाही. ज्याला काल रात्री काठी घेऊन पिटाळले त्याला आज मुद्रेवर बसवावे असे धनगराच्या मनात आले नसावे, आणि हा नकार समजून घेण्यासारखा आहे. मराठी घराची खरी कुलखूण ढालीपेक्षा लग्नाच्या मांडवात दिसते. तिला देवक म्हणतात, आणि ते बहुधा पंचपल्लव, कळंब, मोराचे पीस असे सौम्य असते. वाघ, कोल्हे, लांडगे ही आडनावे मात्र गावोगाव आहेत. पाणिनीने तर शस्त्रांवर उपजीविका करणाऱ्या संघांत वृक, म्हणजे लांडगा, या नावाचा एक संघ नोंदवला आहे. नावात लांडगा चालत असे, पण निशाणावर त्याची जागा रिकामी राहिली.

ही रिकामी जागा सर्वांत ठळक दिसते ती भीमाशी जोडलेल्या एरंडोलच्या परंपरेत. भारतीय युद्धवर्णनात रथावरचा ध्वज नेमके तेच काम करतो जे युरोपात ढालीवरचे चित्र करते, कारण धुळीत चेहरा दिसत नाही तेव्हा योद्धा ओळखायचा तो ध्वजावरून. महाभारताच्या द्रोणपर्वात अशा ध्वजांचे तपशीलवार वर्णन आहे. युधिष्ठिराच्या ध्वजावर ग्रहांनी वेढलेला सुवर्णचंद्र, अर्जुनाच्या ध्वजावर वानर, नकुलाच्या ध्वजावर शरभ, म्हणजे सिंहालाही भारी ठरणारा तो काल्पनिक पशू जो पुढे महाराष्ट्रातील किल्ल्यांच्या दरवाजांवर पंजाखाली हत्ती दाबून बसला, सहदेवाच्या ध्वजावर हंस, जयद्रथाच्या ध्वजावर रुपेरी वराह, घटोत्कचाच्या ध्वजावर गिधाड. भीमाच्या ध्वजावर सिंह आहे. महाभारत ज्याला पुन्हा पुन्हा वृकोदर, म्हणजे लांडग्याचे पोट असलेला, या नावाने हाक मारते, त्याच्या डोक्यावरही लांडग्याचे निशाण फडकत नाही. लांडगा त्याच्या ध्वजावर नसून पोटात आहे, आणि हे स्थान अलंकारापेक्षा फार खोल आहे.

जळगाव जिल्ह्यातील एरंडोल ही पांडवांची एकचक्रानगरी, अशी स्थानिक श्रद्धा आहे. बिहारमधील आरा आणि बंगालमधील बीरभूमकडेही तसेच सांगितले जाते, परंतु गावाची श्रद्धा म्हणजे कोर्टातील दावा नव्हे आणि तिचे मोल त्या वादावर ठरत नाही. एरंडोलजवळ पद्मालयाच्या गणपतीचे देऊळ आहे आणि तिथल्या जंगलात भीमकुंड दाखवतात, जिथे भीमाने बकासुराला मारले असे मानले जाते. या कथेचा सारा व्यवहार वाट्याचा आहे. ब्राह्मणाच्या घरी गुप्तपणे राहणारे पांडव भिक्षा मागून आणतात आणि कुंती तिचे दोन भाग करते. अर्धी भिक्षा चार भाऊ आणि ती स्वतः, उरलेली अर्धी एकटा भीम. गावाच्या वेशीबाहेरच्या राक्षसाचाही वाटा ठरलेला आहे, रोज एक गाडी भात, दोन रेडे आणि ते घेऊन जाणारा माणूस. यजमानाच्या घरावर पाळी येते तेव्हा भीम गाडी घेऊन जातो आणि रानात पोहोचताच बकाला हाका मारीत स्वतःच ते अन्न खाऊ लागतो. राक्षस धावत येऊन त्याच्या पाठीवर दोन्ही हातांनी प्रहार करतो, पण भीम मागे वळून पाहत नाही. तो शेवटच्या घासापर्यंत जेवतो, आचमन करतो आणि मग लढायला उभा राहतो.

पाठीवर मार बसत असताना न थांबणारे हे जेवण म्हणजे वृकोदर या नावाची संपूर्ण टीका आहे. पारंपरिक व्युत्पत्तीत वृक हे जठरात पेटलेल्या तीव्र अग्नीचे नाव म्हणूनही सांगितले आहे. दोन्ही अर्थांनी लांडगा ही भुकेची संज्ञा होते, आणि विशेष असे की ती भूक इथे निंदेचा विषय नाही. गावाला लुबाडणाऱ्या भुकेचा नाश करते ती दुसरी भूक, जिला घरात अर्धा वाटा प्रेमाने काढून ठेवलेला आहे. कुंतीने ती वाटणी करताना कुणी तक्रार केल्याची नोंद नाही. पाच मुलांच्या घरात एकाला जास्त लागते हे आईला माहीत असते, आणि खानदेशातील कोणत्याही चुलीपुढे ते आजही नवे नाही.

वाट्याची ही कल्पना महाभारताहूनही जुनी आहे. ऋग्वेदातील अश्विनीकुमारांच्या सूक्तांत ऋज्राश्व नावाच्या माणसाचा उल्लेख येतो, ज्याने एका लांडगिणीसाठी शंभर मेंढे कापले, एके ठिकाणी ही संख्या एकशे एक आहे, आणि या अपराधासाठी बापाने त्याला आंधळे केले. अश्विनांनी त्याला पुन्हा दृष्टी दिली. कथेचा मर्मबिंदू असा की आंधळ्याला सुख मिळावे म्हणून देवांना हाक घालते ती ती लांडगीणच. मेंढरांचा मालक असलेला बाप, कळपातून उधळून देणारा मुलगा आणि खाल्ल्याची आठवण ठेवणारे जनावर, अशा तीन टोकांचा हा प्रसंग इतक्या थोड्या शब्दांत येतो की मागची पूर्ण कथा ऐकणाऱ्यांना तोंडपाठ असली पाहिजे. त्याच सूक्तांत लांडग्याच्या जबड्यातून अश्विनांनी सोडवलेली लावी आहे, आणि त्याच अश्विनांनी वृकाने जव पेरल्याचा उल्लेखही आहे. इथे यास्क निरुक्तात वृकाचा अर्थ नांगर असा देतो, कारण तो फाडतो. लावीच्या कथेत हाच शब्द त्याने सूर्यावर लावला, लावीला उषा मानले, आणि अन्यत्र चंद्रालाही वृक म्हटले. शब्दांची कुळे शोधण्यासाठी आयुष्य वेचलेल्या इतिहासाचार्य राजवाड्यांचे अखेरचे दिवस धुळ्यात गेले, ३१ डिसेंबर १९२६ रोजी तिथेच त्यांचे निधन झाले, आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाने धुळ्यात उभ्या राहिलेल्या संशोधन मंडळाने त्यांचे धातुकोश व व्युत्पत्तिकोश छापले. त्या परंपरेतल्या अभ्यासकाला नांगराच्या फाळात लांडगा दिसणे ही चैन वाटणार नाही. चैत्रात तापीकाठच्या काळ्या जमिनीची नांगरट चालू असताना फाळाखालून ढेकळे उलटी पडत जातात, त्या चकाकत्या कापाला फाडणे हाच शब्द शेतकरीही वापरतो.

मराठीने वृक हा शब्द सोडला आणि लांडगा स्वीकारला, पण फाडण्याची आठवण लांडगेतोड या शब्दात शिल्लक राहिली. अनेकांनी मिळून एकाची मालमत्ता लुटावी, जो तो आपला लचका ओढून न्यावा, त्याला लांडगेतोड म्हणतात, आणि वाट्याच्या कल्पनेची ही काळी बाजू आहे, जिथे वाटणारा कुणी नसतो आणि सगळेच घेणारे असतात. लबाड हे विशेषण मात्र लांडग्याला उशिरा चिकटले असावे. जुन्या भारतीय कथेत, विशेषतः पंचतंत्रात, कपटाचे काम कोल्ह्याकडे आहे. सदाशिव काशीनाथ छत्रे यांनी १८२८ मध्ये इसपनीतिकथा मराठीत आणल्या, त्या शाळांतून पिढ्यान्‌पिढ्या वाचल्या गेल्या, आणि खोटी ओरड करणाऱ्या मेंढपाळाच्या पोराबरोबर ग्रीक लांडगाही मराठी मुलांच्या ओळखीचा झाला. मेंढीचे कातडे पांघरणारा लांडगा बायबलच्या उपदेशाच्या मागे लागून आला. त्यापूर्वीचा मराठी लांडगा भुकेला आहे, ढोंगी नाही, आणि हा फरक लहान नाही, कारण भुकेल्याशी बोलणी करता येतात.

अशी बोलणी मराठी घरातली प्रत्येक आजी करून दाखवते. शार्ल पेरोने १६९७ मध्ये छापलेल्या तांबड्या टोपीवाल्या मुलीच्या कथेत लांडगा आजीला खातो, तिच्या अंथरुणात शिरतो आणि नातीलाही खातो. मराठीत भोपळ्यात बसून लेकीकडून परतणारी म्हातारी आधी जाताना जंगलात कोल्ह्याला आणि वाघाला भेटते, आणि आता माझी हाडे काय खाता, लेकीकडे जाऊन तूपरोटी खाऊन धष्टपुष्ट होऊन येते मग खा, असा करार करते. दोन्ही कथांत रान आहे, म्हातारी आहे आणि भुकेले जनावर आहे, पण मराठी म्हातारी जनावराची भूक नाकारीत नाही, ती मुदत मागते. तिची सुटका शेवटी युक्तीनेच होते हे खरे, तरीही जनावराला हक्काचे काही देणे लागते हे गृहीत धरूनच गोष्ट पुढे सरकते.

खानदेशाच्या पश्चिमेकडे साक्री तालुक्याच्या डोंगराळ भागात हे देणे धर्मात आले आहे. तिथल्या कोकणा, मावची आणि भिल्ल समाजांत वाघदेवाची पूजा होते. गावाच्या कडेला लाकडाचा किंवा दगडाचा उभा खांब असतो, त्यावर वाघ, नाग, चंद्र आणि सूर्य कोरलेले असतात. बाकीच्या महाराष्ट्रात ज्या दिवशी वसुबारस म्हणून गाय-वासराला ओवाळतात, त्याच आश्विन वद्य द्वादशीला डोंगरातले गुराखी वाघबारस करतात. गायीचा आणि तिला खाणाऱ्याचा सण एकाच तिथीला यावा यात या प्रदेशाचे शहाणपण आहे. चंद्र-सूर्याच्या शेजारी कोरलेला हा वाघ खानदेशातील खरे कुलचिन्ह म्हणायला हरकत नाही, फक्त तो कुणा एका घराण्याचा नसून गाव आणि रान यांच्यातील शिवेचा आहे.

लांडग्याला असा खांबही मिळाला नाही. वाघ डोंगरात, दूर, देव होण्याइतका दूर असतो. लांडगा उघड्या माळावर, शेताच्या बांधापलीकडे राहतो. युरोपातल्या भाईबंदांपेक्षा तो बराच लहान, वीस किलोंच्या आसपास भरणारा, वाळल्या गवताच्या रंगाचा असतो, आणि दिवसाढवळ्या कळपापासून शेदोनशे पावलांवर बसला तरी हलेपर्यंत दिसत नाही. धुळ्याच्या माळांवरून मेंढरे घेऊन फिरणारे ठेलारी आणि धनगर त्याला ज्या जवळिकीने ओळखतात त्या जवळिकीत पूजेला जागा उरत नाही. दिवस मावळताना वाडा बसतो, घोड्यावरचे बिऱ्हाड उतरते, खुंट ठोकून त्यावर वाघर, म्हणजे दोरीचे विणलेले जाळे, कमरेइतक्या उंचीवर ताणले जाते, मेंढ्या आत जातात आणि चालता न येणारी कोकरे डालग्याखाली झाकली जातात. कुत्री बाहेर पडून राहतात. एवढ्या बंदोबस्तानंतरही एखादे कोकरू गेलेच, तर तो लांडग्याचा वाटा, असे मानणारे मेंढपाळ दख्खनच्या माळांवर आजही आहेत. त्यांना हानी टोचत नाही असे मुळीच नाही. कोकरू ही रोकड आहे आणि ती गेली की बाई डोळ्यांना पदर लावते. पण जे गेले त्याला ते चोरी हा शब्द लावत नाहीत.

इंग्रजी राज्याने मात्र लावला. १८२५ मध्ये धरणगावला भिल्ल पलटण उभारणारा जेम्स औट्रम वाघांच्या शिकारीसाठी नावाजला गेला, आणि चाळीसगावजवळच्या घाटाला व आता गौताळा औट्रमघाट अभयारण्याला त्याचे नाव आहे. वाघ मारणे हा पराक्रम होता, लांडगा मारणे हा उपद्रवाचा बंदोबस्त, आणि त्यासाठी डोक्यामागे बक्षीस ठरलेले होते. इतिहासकार महेश रंगराजन यांच्या अंदाजानुसार १८७५ ते १९२५ या पन्नास वर्षांत हिंदुस्थानात ऐंशी हजारांहून अधिक वाघ मारले गेले आणि लांडगे सुमारे दोन लाख. ज्या देशातून हे राज्यकर्ते आले तिथला लांडगा काही शतकांपूर्वीच नामशेष झालेला होता आणि त्यांच्या सरदारांच्या ढालींवर तेवढा उरला होता. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने भारतीय लांडग्याला पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्याच पंक्तीत, बसवले, आणि आज देशात ते दोन-तीन हजारांच्या घरात असावेत असे मानले जाते. पण त्याचा माळ महसुली दप्तरात पडीक म्हणून लिहिलेला आहे, आणि पडीक जमिनीवर काहीही बांधले किंवा पेरले तरी दप्तराला ती सुधारणाच वाटते. यावलच्या किंवा अनेरच्या अभयारण्यांत झाडे राखली जातात, गवत राखण्याची कल्पना अजून रुजायची आहे. गवत गेले की हरणे आणि ससे जातात, आणि मग लांडग्याच्या वाट्याला वाघरीतले कोकरू तेवढे राहते.

महाराष्ट्राच्या वनविभागाने वन्यप्राण्याने मारलेल्या पशुधनासाठी जी नुकसानभरपाई ठेवली आहे, तिच्या यादीत वाघ-बिबट्यांच्या बरोबर लांडग्याचेही नाव आहे. वेदकाळापासून चालत आलेल्या या वाट्याची ही सरकारी नोंद, आणि तिच्यासाठी पंचनामा लागतो. पंचनाम्याला मेलेले जनावर दाखवावे लागते, त्यावरचे दात पाहावे लागतात. बिबट्या कधी शेळी अर्धी टाकून जातो, लांडगा मात्र लहान कोकरू जबड्यात धरून उचलून नेतो, बिस्केच्या ढालीवर दाखवले होते अगदी तसेच, आणि मागे रक्ताच्या चार थेंबांखेरीज काही ठेवत नाही. मेंढपाळ ती जागा दाखवतो, पण तेवढ्याने अर्ज भरत नाही, आणि शेतमालकाशी ठरलेल्या रात्री संपल्या की खुंट उपटून, वाघर गुंडाळून, उरलेली कोकरे घोड्यावर घालून वाडा पुढच्या गावच्या रानात निघून जातो.